लोणारचे खारे पाणी आणि त्यातले जीव

जुन्या जालन्याच्या मुलांना कुंडलिका ठाऊक असते, मोती तलाव ठाऊक असतो. पण शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, मंठ्यामार्गे दोन-अडीच तासांच्या वाटेवर असलेले लोणारचे सरोवर कित्येक घरांनी अजून पाहिलेले नाही. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे, असे हे ठिकाण आहे.

आकाशातून आलेला अशनी काळ्या पाषाणावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. तेथे सापडणारी काच अशा आघातानेच बनते, हे शास्त्रज्ञांनी १९७३ साली दाखवून दिले. खड्ड्याच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका मोजणीत ते सुमारे ५० हजार वर्षे निघाले, तर दुसरीत साडेपाच लाखांहून अधिक. लवणासुराची गोष्ट आजीने सांगावी, पण मुलांना दगडाची गोष्टही सांगावी.

पाणी खारे का? आत येणाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवते, पण दगडमातीतून विरघळून आलेला क्षार मागे राहतो. चहाच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तसेच हे. हा क्षार मिठापेक्षा पापडखार आणि धुण्याच्या सोड्याच्या जातीचा असल्याने पाणी हाताला साबणासारखे बुळबुळीत लागते. पूर्वी येथला क्षार साबण व काच बनवण्यासाठी नेत असत.

एवढ्या खारात मासे तग धरत नाहीत. म्हणून येथील जीवनाचा पाया वेगळा आहे. स्पिरुलिना नावाचे सूक्ष्म शेवाळ पाण्याला हिरवा रंग देते. काठच्या चिखलात किडे असतात आणि त्यांच्यावर टिटवी, शेकाट्या यांसारखे पक्षी जगतात. टिबुकल्या पाण्यात बुड्या मारताना दिसतात. उतारावर साग, चिंच, कडुनिंब, बाभूळ, सीताफळ आहेत. मोर, वानरे, चिंकारा आहेत. कांडेसर करकोच्यासह १६० जातींचे पक्षी आणि ४६ जातींचे सरपटणारे प्राणी येथे नोंदले आहेत. सस्तन प्राण्यांच्या १२ जातींत लांडगाही आहे. २००० साली हे अभयारण्य झाले आणि २०२० साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

२०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक तर्क लढवू लागले. कोणी कोप म्हणाले, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासले. पातळी घटून खार वाढला होता आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगाने पाणी गुलाबी दिसत होते. नमुना काही दिवस स्थिर ठेवला, तेव्हा जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ झाले. चमत्कारापुढे हात जोडण्याऐवजी पाणी बाटलीत भरून तपासले, म्हणून खरे कारण कळले. आपल्या मुलांनी हीच सवय घ्यावी.

मात्र हे सारे खाराच्या तोलावर उभे आहे. गावाचे सांडपाणी आत उतरले किंवा गोडे पाणी फार साचले, तर खार फिका पडतो आणि इतरत्र न टिकणारे हे सूक्ष्म जीव संकटात येतात. काठावर पसरलेली वेडी बाभूळही मूळच्या झाडांची जागा घेते.

सहलीला जाल तेव्हा भाकरी बांधून न्या आणि तिचा कागद, पिशवी परत आणा. साबण लावून त्या पाण्यात कपडे धुऊ नका. परतल्यावर मुलांना एक प्रश्न विचारा : खाऱ्या पाण्यात मासा नाही, मग पक्षी काय खातो? ज्याला उत्तर सांगता आले, त्याने सरोवर खरोखर पाहिले.