टायर बदलला? मग हवापालट हवाच!

पिकअपचे कंपनीचे टायर काढून जाडजूड, दणकट टायर टाकले? लूक एकदम झक्कास! पण आता चाकात हवा किती मारायची, माहीत आहे का? दारावरच्या स्टिकरचा आकडा? थांबा! तो मूळ टायरचा, मूळ साइझचा.

मग टायरवरच छापलेले 80 पीएसआय? छे! टायर कमाल वजन पेलतो तेव्हाची ती हवा. रिकामी गाडी 80 वर पळवाल, तर खड्ड्याखड्ड्याला कंबर बोलेल आणि टायर मधोमध झिजून गोटा होईल.

आता खरी गंमत. अमेरिकन पिकअपवरचा पी 275/65 आर 18 घ्या. लोड इंडेक्स 114, म्हणजे एका टायरवर 1180 किलो. पण हा कारवर्गातला टायर पिकअपला लावला, की नियम म्हणतो, 1.1 ने भागा! उरले सुमारे 1070. पिकअपच्या नशिबी ओझं आणि खडतर रस्ते, म्हणून ही कात्री.

तेवढंच वजन त्याच मापाच्या ‘एलटी’, म्हणजे लाइट ट्रक टायरवर टाका. पी टायरला पुरणारे 35 पीएसआय इथे पुरत नाहीत, 45च्या घरात जावं लागतं! दणकट टायरला हवा कमी लागेल, असं वाटलं होतं ना? उलटंच आहे. ओझं मुख्यतः हवाच पेलते.

म्हणून फॉर्म्युला सोपा. स्टिकरवरच्या हवेला जुना टायर किती किलो पेलायचा ते बघा, आणि नवा तेवढेच किलो किती हवेला पेलतो ते लोड-इन्फ्लेशन तक्त्यात शोधा. अमेरिकेत हे तक्ते टायर अँड रिम असोसिएशन काढते. त्या आकड्याच्या खाली उतरायचं नाही म्हणजे नाही!

आणि दणकट म्हणवणाऱ्या ‘10 प्लाय’ टायरमध्ये 10 थर असतात? अजिबात नाही! ते फक्त ताकदीचं जुनं माप.

खडूची ट्रिक ट्राय केलीत? टायरच्या नक्षीवर आडवा जाड पट्टा ओढा, सपाट रस्त्यावर गाडी सरळ थोडी पुढे न्या, उतरून बघा. खडू फक्त मधला पुसला? हवा जास्त. फक्त कडांचा पुसला? हवा कमी. भन्नाट आहे, पण तक्त्यानंतरच. कडक एलटी टायर खडूलाही चकवतो.

गरजेप्रमाणे हवा बदलायची कल्पना जुनीच. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची ‘डक’ आठवा. पाण्यात तरंगणारा हा लष्करी ट्रक किनाऱ्यावर आला, की ड्रायव्हर सीटवर बसूनच चाकांची हवा कमी-जास्त करायचा!

हवा मोजायची ती टायर थंड असताना. पारा साडेपाच अंश उतरला, की साधारण 1 पीएसआय गायब!

डॅशबोर्डवरचा दिवा सांगेलच की? अमेरिकी नियमानुसार तो स्टिकरपेक्षा 25 टक्के हवा कमी झाली की पेटतो. 35चं स्टिकर असेल तर थेट 26 ला! तुमच्या नव्या टायरला हवेत 45, उरलेत 30, आणि दिवा गप्प. टायर शॉपमध्ये दिव्याचा आकडा नव्याने सेट होतो का, आधी विचारा. तोवर गेज गाडीतच ठेवा.