पाणी अडलं, माती गेली

२०२५च्या सप्टेंबरात सीना, मांजरा आणि त्यांना मिळणारे ओढे शिवारांत घुसले. बातम्यांत पिकांचं नुकसान मोजलं गेलं, आणि ते मोठंच होतं. पण पूर ओसरल्यावर धाराशिव-बीडच्या भागात हिंडताना त्याहून वाईट दिसलं. ओढ्याकाठच्या रानांत काळी माती उरलीच नव्हती. वर पिवळसर मुरूम, मध्ये गोटे, आणि सोयाबीनच्या ओळी होत्या तिथे गुडघाभर घळी. पीक एका हंगामाचं जातं. माती घडायला शेकडो वर्षं लागतात. खरवडून गेलेल्या जमिनीसाठी सरकारने मदत जाहीर केली, ती मिळायलाच हवी. पण पाण्याच्या नावाने एवढा पैसा आणि घाम ओतलेल्या दशकानंतर ही पाळी का आली, याचा जाब आपण कुणाला विचारलाच नाही.

१९७२चा दुष्काळ, रोजगार हमीवरचे नालाबांध आणि पाझर तलाव, राळेगणसिद्धी, १९९२ची आदर्श गाव योजना हा इतिहास अनेकांनी सांगून झालाय. त्यातली एकच गोष्ट इथे हवी. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळायचं. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला मनाई होती. पाणी अडवण्याआधी ते वाटायचं कसं, हे तिथे ठरलेलं होतं. पुढच्या योजनांनी अडवणं उचललं आणि वाटप मागे टाकलं.

मी जवळून पाहिलं ते २०१२ नंतरचं दशक. २०१२-१३ला चारा छावण्या लागल्या, जालन्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मग २०१४ आणि २०१५ असा पाठोपाठ पावसाने दगा दिला. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभर त्याचे फोटो झळकले. एक साधा हिशेब तेव्हाही मांडला होता, पुन्हा मांडतो. एका हेक्टर रानावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं पाच लाख लिटर. जी आगगाडी बघायला गर्दी लोटली, तिच्यातलं पाणी म्हणजे एका हेक्टरावरचा एक चांगला पाऊस. मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रान हेच आपलं सगळ्यात मोठं धरण आहे, आणि त्याची भिंत म्हणजे माती.

त्याच उन्हाळ्यात वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. ते दिवस मी विसरू शकत नाही. दोन काठ्या, मध्ये पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडची पातळी सारखी आली की तिथे फक्कीचा ठिपका, मग पुढचा. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायका या पाणनळीने डोंगराची समपातळी अचूक आखत होत्या, आणि त्या रेघेवर पहाटेपासून गाव चर खणत होतं. एकमेकांच्या बांधावर पाय न ठेवणारे भाऊबंद एकाच चरात उतरले. माथ्यापासून पायथ्याकडे काम करायचं, हे पाणलोटाचं पहिलं सूत्र तिथे लोकांच्या अंगवळणी पडलं.

सरकारी जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ला सुरू झालं. कागदावर त्यात सगळं होतं: बांधबंदिस्ती, चर, गाळ काढणं. प्रत्यक्षात बोलबाला झाला पोकलेनचा. माथा सोडून पायथ्याचे नाले खोल आणि रुंद करायचे. फोटो चांगला येतो, घनमीटर पटकन भरतात, बिल निघतं. अशाच एका खोदलेल्या नाल्याचा उभा काप मला आठवतो. वर चार फूट काळी, तिच्याखाली मुरूम, तळाला काळा पाषाण. त्या मुरमातून पाणी पाझरून नाल्यात उतरत होतं आणि वाहून जात होतं. मुरमाचा तो थर म्हणजे आजूबाजूच्या विहिरींचा साठा. तो कापला की विहिरी लवकर आटतात. हे बोलणाऱ्यांना तेव्हा विकासाचे विरोधक ठरवलं गेलं. एका आढावा बैठकीत एका शेतकऱ्याने हाच मुद्दा काढला, तर त्याला खाली बसवण्यात आलं. त्याचं खरं ठरलं. घोषणा ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ची होती आणि ऑक्टोबर २०१८मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. २०२०च्या अहवालात ‘कॅग’ने नोंदवलं की ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झालेला नाही.

जिथे पाणी खरंच वाढलं, तिथे ते गेलं कुठे? उसाकडे, फळबागांकडे, शेजाऱ्यापेक्षा खोल गेलेल्या बोअरकडे. शेततळी पावसाचं पाणी धरण्यासाठी होती. कित्येक ठिकाणी प्लॅस्टिक अंथरून ती विहिरी-बोअर उपसून भरली गेली. सगळ्यांचं भूजल एकाच्या तळ्यात आलं आणि उन्हाने उडून गेलं. उपशाला लगाम घालणारा भूजल कायदा २००९चा, तो लागू झाला २०१४ला, नियमांचा मसुदा आला २०१८ला. बोअरच्या गाड्या मात्र एक दिवसही थांबल्या नाहीत.

याच काळात रानाचं रूप पालटलं. ज्वारीत तुरीचं पाटं, कडेला अंबाडी, रब्बीला जमिनीतल्या ओलीवर येणारी मालदांडी, घरचा कडबा, दावणीला जनावरं, उन्हाळ्यात रानात पडणारं शेणखत: हे सगळं एका साखळीत होतं. सोयाबीनने रोख पैसा दिला, शेतकऱ्याला तो हवाच होता; ज्वारीला धड भाव कुणी दिला नाही. पण कडबा गेला, जनावरं गेली, खत गेलं. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून बांध कोरले गेले, बांधावरची बोर-बाभळ तुटली. सेंद्रिय अंश सरलेली, बांध नसलेली माती जोरदार पावसात तग धरत नाही. २०२५चा पाऊस अफाट होता, हे खरं. पण त्याच्या वाटेत आपण काही उभं ठेवलं नव्हतं.

हिवरे बाजारने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे: पावसाळा सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं, आधी पिण्याचं, मग जनावरांचं, उरलं त्यावर पिकं ठरतात. तिथे लोक सहली नेतात आणि परत येऊन बोअर घेतात. आता तरी ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंद बंधनकारक करा, भूजलाचे नियम अमलात आणा, आणि खरवडलेल्या जमिनीचा पैसा नुसता गाळ पसरण्यावर न उधळता बांध, झाडं आणि शेणखतावर लावा. ज्वारी-तुरीला सोयाबीनइतकी खात्रीची खरेदी द्या. हे महाग नाही, फक्त यात उद्घाटनाची फीत नाही. पुढच्या अभियानाचं नाव काहीही ठेवा. त्याचं यश टीएमसीत न मोजता, पाच पावसाळ्यांनंतर रानात किती माती टिकली यावर मोजा.