हाय-फाय घेताय? आधी अर्थिंगचा खड्डा बघा

येलदरीच्या धरणाखाली पूर्णेच्या पाण्यावर चालणारं 22.5 मेगावॉटचं वीजघर आहे. साडेसात-साडेसात मेगावॉटचे तीन संच. म्हणून येलदरीतल्या घरात व्होल्टेज स्थिर असेल, असं मात्र नाही. वीजघरातली वीज ग्रीडमध्ये जाते आणि तुमच्याकडे येते ती जवळच्या डीपीवरून. त्या डीपीवर भार किती, यावर तुमचे 230 व्होल्ट 230 राहतात की 180 वर येतात हे ठरतं. तेव्हा लाखभराचा ॲम्प्लिफायर घ्यायला निघालेल्यानं कॅटलॉग चाळण्याआधी वायरमनला बोलवावं आणि सकाळ, दुपार, रात्र असं व्होल्टेज मोजून घ्यावं.

त्याच फेरीत अर्थिंगही तपासून घ्या. जुन्या पद्धतीचं अर्थिंग म्हणजे खड्ड्यात पुरलेला पाइप किंवा प्लेट आणि भोवती कोळसा-मीठ. काळी माती ओली आहे तोवर हे झकास चालतं. एप्रिल-मे महिन्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मग ॲम्प्लिफायरच्या डब्याला बोट लावलं की झिणझिण्या येतात, स्पीकरमधून बारीक घुमघुम सुरू होते आणि माणूस बिचाऱ्या कंपनीला शिव्या देतो. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी ओतत राहणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर भारी ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

आता खोली. हौशी मंडळी इथंच हात आखडता घेतात. स्लॅबचं घर, प्लास्टरच्या भिंती, खाली फरशी: अशा रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा. मागून टणटण उमटलं, तर तानपुऱ्याची जवारी तिथं कधीच नीट ऐकू येणार नाही, स्पीकर कितीही भारी असो. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं उघडं कपाट, कोपऱ्यात गाद्यांची चळत यांनी वरच्या पट्टीचे आवाज आटोक्यात येतात. खालच्या पट्टीचं दुखणं वेगळं. बारा फुटी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपास, दहा फुटी खोलीत 56 हर्ट्झच्या आसपास आवाज समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगतो. दहा बाय दहाची चौकोनी खोली सगळ्यात वाईट, कारण लांबी-रुंदीचा फुगवटा एकाच जागी येतो. त्यात स्पीकर कोपऱ्यात ढकलले की डग्ग्याचा घुमारा ढोलासारखा होतो. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. दमडीही न मोजता एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. माळवदाच्या जुन्या घरात जाड, ओबडधोबड मातीच्या भिंती आणि लाकडी सरे असतात. ऐकण्याची खोली म्हणून मी ती स्लॅबच्या खोलीपेक्षा केव्हाही पसंत करीन. फक्त छतातून गळणाऱ्या मातीपासून रेकॉर्डची सुई जपावी लागेल.

स्पीकरवर बजेटचा निम्मा वाटा खुशाल जाऊ द्या. बीबीसीनं सत्तरच्या दशकात आपल्या फिरत्या प्रसारण गाड्यांसाठी एलएस 3/5ए हा छोटा स्पीकर घडवला. त्याला खोल खर्ज झेपत नाही, पण माणसाचा आवाज तो जसाच्या तसा उभा करतो, म्हणून आजही त्याच्या आवृत्त्या निघतात. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग ऐकणाऱ्यानं हेच ध्यानात ठेवावं: आपल्याला लागतो तो गळा. सिनेमातल्या स्फोटांसाठी घडवलेले उंच खांब त्यासाठी नकोत.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. 50 ऐवजी 100 वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला, तर आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. दुप्पट वाटायला 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. स्पीकरची संवेदनशीलता 87-88 डेसिबल असेल, तर लहान खोलीत 40-50 वॉट रग्गड झाले. क्लास ए किंवा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कानाला गोड लागतो, हे मान्य. पण तो गाणं वाजो न वाजो, शेगडीसारखा तापतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 43-44 अंश असताना खोलीत आणखी दोनशे वॉटची ऊब कशाला? शिवाय आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. आणि बिघडलं की पंचवीस किलोचं ते धूड घेऊन पुण्या-मुंबईची वाट धरा. चांगला क्लास डी किंवा साधा क्लास एबी घ्यावा, वर वीतभर जागा मोकळी सोडावी.

वायरचं तर दोन ओळींत संपतं. घरातल्या पॉवर पॉइंटला वापरतात ती अडीच एमएमची तांब्याची वायर पाच मीटर ओढली, तरी जाऊन-येऊन तिचा रोध 0.1 ओहमच्या आत राहतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. हजारो रुपयांची केबल विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

दुकानात जाताना पाठ असलेलं एखादं ध्वनिमुद्रण बरोबर न्या. दोन स्पीकरची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला लावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो आणि हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. गालिचे अंथरलेल्या त्याच्या वातानुकूलित खोलीत ऐकून सौदा करू नका. आठ दिवस घरी वाजवून पाहायला द्या, नाही पटलं तर परत घ्या, असं स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या. तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.