क्युपर्टिनोहून सॅन फ्रान्सिस्को : कॅमेऱ्यासह एक दिवस

अमेरिकेत क्युपर्टिनोला मुलाबाळांकडे जाणार असाल, तर एक दिवस सॅन फ्रान्सिस्कोसाठी राखून ठेवा. १७७६ साली द आन्झा यांची स्पॅनिश तुकडी क्युपर्टिनोवरूनच त्या वसाहतीची जागा पाहण्यास गेली होती.

क्युपर्टिनोत रेल्वे स्टेशन नाही. शेजारच्या सनीव्हेलहून गाडी मिळते. जून ते ऑगस्ट तेथे धुके दाटते व गारठाही असतो. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. सकाळी ऊन पाठीशी असते, तेव्हा क्रिसी फील्डवरून १९३७ चा गोल्डन गेट पूल टिपावा. दुपारी मिशन डोलोरेसचे १७९१ चे जुने देऊळ पाहावे. १९०६ च्या भूकंपातही ते टिकले. तिसऱ्या प्रहरी अलामो चौकातील रंगीत लाकडी घरांच्या दर्शनी बाजूवर ऊन येते.

मात्र नुसत्या इमारती टिपू नका, सोबत घरची माणसेही हवीत. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदी व छायाचित्रे जपली आहेत. त्यांवरून आजही कुटुंबे आपल्या पूर्वजांचा माग काढतात. म्हणून परत आल्यावर फोटो छापून घ्यावेत आणि प्रत्येकामागे नावे, ठिकाण व तारीख लिहावी. पणतवंडांना तेवढीच ओळख पुरेल.