ट्रॉलीची वायर आणि ब्रेकचा दिवा



दिवाळी सरली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. राळेगाव असो, वणी असो की पांढरकवडा, जिनिंगला पोहोचेतो पुष्कळदा रात्र होते. काळोखात मागून येणाऱ्या मोटारीला ट्रॉली दिसते ती दोन तांबड्या दिव्यांमुळे, आणि ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला हे कळते तेही त्यांच्यामुळेच. हे दिवे ज्या वायरीवर जळतात, तिच्याविषयी आज थोडे बोलू.

ट्रॅक्टरची बॅटरी साधारणपणे 12 व्होल्टची. हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून आपण तिला गरीब गाय समजतो. पण तिची दोन टोके नुसत्या तारेने जोडली गेली, तर क्षणात शेकडो अँपिअर वीज वाहते आणि तार लालबुंद होते. घरच्या विजेत भय झटक्याचे, इथे जाळाचे. आणि मागे भरलेला असतो कापूस! म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणाचाच पहारा नसतो. तो जितका आखूड तितका बरा. 21 वॅटचे ब्रेकचे दोन दिवे आणि 5 वॅटचे मागचे दोन, मिळून सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेतात. इंडिकेटर धरले तरी 10 अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडाला तर कारण शोधावे. त्याच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळू नये.

आता खरी गोम. वीज जाते तशी ती परतही यावी लागते. पुष्कळजण जाणारी वायर तेवढी ओढतात आणि परतीचे काम हुकावर सोपवतात. लोखंडच ते, वीज जाईल, असा हिशेब! पण हुक आणि पिन यांच्यात गंज असतो, चिखल असतो, ग्रीस असते, आणि दर खड्ड्याला दोन्ही हालतात. मग दिवे फडफडतात. ब्रेक दाबला की मागचा दिवा मंदावतो किंवा भलताच इंडिकेटर मिणमिणतो. तुम्ही म्हणाल, बल्ब खराब. बल्ब बिचारा ठीक असतो. परतीची वाट अडल्यामुळे वीज दुसऱ्या दिव्यातून आडवाट काढते. सात पिनांच्या सॉकेटात 3 नंबरची पिन याच परतीसाठी असते. तिची वायर, रूढ रंग पांढरा, ट्रॉलीच्या चासीला रंग खरवडून, थिंबल लावून, बोल्टने घट्ट आवळावी. 6 नंबरची तांबडी वायर ब्रेकच्या दिव्याची.

गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल. टॉर्चचे दोन सेल आणि एक बल्ब जोडून परतीच्या वाटेत गंजका खिळा घालावा. मग तोच खिळा कानशीने घासून पुन्हा जोडावा. मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिका, ऑस्ट्रेलियात अनेक ट्रेलरांचे ब्रेकच विजेवर लागतात. ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो आणि चालकाजवळचा कंट्रोलर त्याला मोजून वीज पुरवतो. एका चुंबकाला सुमारे 3 अँपिअर, म्हणजे चार चाकांना 12. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत, जाऊन-येऊन 12 मीटर अंतरात, 12 पैकी दीड व्होल्टाहून अधिक वाटेतच हरवतो. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत जेमतेम अर्धा-पाऊण. म्हणून अशा ब्रेकांना बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र ब्रेकर देतात, दिव्यांच्या वायरीतून फाटा काढत नाहीत. आपल्या ट्रॉल्यांना असे ब्रेक सहसा नसतात. पुष्कळदा सारा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवरच येतो, तेव्हा रस्त्यावर दोन्ही पेडल कडीने जोडलेली हवीत, आणि पुसदकडच्या डोंगराळ वाटेवर उतार लागण्याआधीच खालचा गिअर.

वायरीचे काम करताना बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. मग पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बुश बसवावा. आणि माल भरण्यापूर्वी संध्याकाळी एकाने सीटवर बसून ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून प्लग हालवत दिवे पाहावेत. ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना पुरता वळवून बघावा. वायर ताणली जात असेल तर हातभर वाढवून घ्यावी, जमिनीला घासत असेल तर वर बांधावी.