सोडावॉटर आणि समुद्र

सोडावॉटरची बाटली आपण सर्वांनीच फोडली आहे. पाण्यात कर्बाम्लवायू दाबून भरला की त्यातून सौम्य आम्ल तयार होते. जिभेला चुणचुणते ते हेच. हाच प्रयोग आज आपण समुद्रावर करीत आहोत.

कोळसा व तेल जाळून आपण सोडतो त्या कर्बाम्लवायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. हवेचा ताप तेवढा हलका होतो. पण औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ असलेला सागरपृष्ठाचा पीएच आता ८.१ च्या आसपास उतरला आहे. समुद्र आंबट झाला नाही, त्याचा अल्कधर्म घटला, इतकेच. मात्र या मोजपट्टीची एक पायरी म्हणजे दहापट. म्हणून या दशांशाच्या फरकाने आम्लता पाव हिश्श्याहून अधिक वाढली.

मग बिघडले काय? कालव, शंख, पोवळे हे जीव पाण्यातील चुन्याने आपले घर बांधतात. आम्लता वाढली की त्यास लागणारे कार्बोनेट कमी पडते. २००७ साली अमेरिकेत ऑरेगन किनाऱ्यावरच्या एका पैदास-केंद्रात कालवांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. प्रथम संशय जंतूंवर गेला. पुढे कळले की, खोल समुद्रातून वर येणारे थंड पाणी मुळातच कर्बाम्लवायूने भरलेले, त्यात आपली भर पडलेली! टाक्यांत धुण्याचा सोडा मिसळू लागले, तेव्हा पिल्ले तगली.

नद्यांतून येणारा मैलाही किनाऱ्याजवळ हेच करतो. कुजताना तो प्राणवायू खातो आणि कर्बाम्लवायू सोडतो.

टाकीला सोडा पुरला. समुद्राला कोठून आणणार? धूर आणि मैला उगमाशीच आवरणे, हाच खरा उपाय.