सुटे भाग बदलल्यानंतर ट्रॅक्टरच्या सेल्फ स्टार्टरमध्ये उद्भवणारे दोष : कारणे व निदान

प्रस्तावना :

कोडोली (ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर) हे वारणा खोऱ्यातील मोठे गाव असून वारणानगर येथील सहकारी साखर कारखाना त्याच्या शेजारीच आहे. गळीत हंगामात या परिसरात ऊसवाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागलेली असते. तोडलेला ऊस फडात पडून राहिल्यास त्याचे वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. त्यामुळे हंगामात ट्रॅक्टर बंद राहणे शेतकऱ्यास परवडत नाही. अशा वेळी वापरलेले इंजिन, फ्लायव्हील अथवा सेल्फ बसवून काम भागविले जाते. परंतु भाग बदलल्यानंतर 'सेल्फ लागत नाही' ही तक्रार अनेकदा उद्भवते. प्रस्तुत लेखात या दोषाची कारणमीमांसा व निदानाचा क्रम मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

सेल्फ स्टार्टरचे कार्य :

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम नियमितपणे बसविण्यात आला आणि हँडल मारण्याचे धोकादायक काम संपुष्टात येऊ लागले. त्यामागील मूलतत्त्व आजही तेच आहे. चावी फिरविताच सोलेनॉइडला अल्प प्रवाह मिळतो. सोलेनॉइड पिनियनला फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये ढकलतो आणि त्याच वेळी बॅटरीचा मोठा प्रवाह मोटारीस जोडतो. पिनियनला साधारणतः 9 ते 11, तर रिंग गिअरला शंभराहून अधिक दात असतात. त्यामुळे लहान मोटारही अवजड इंजिन फिरवू शकते.

दोषांची कारणे :

भाग बदलल्यानंतरचे दोष प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार यांत्रिक विसंगतीचा. दातांची संख्या वा आकार, पिनियनची लांबी, फिरण्याची दिशा किंवा फ्लँजची छिद्रे जुळत नसल्यास मोटार नुसतीच फिरते अथवा दात घासल्याचा कर्कश आवाज येतो. दिशा उलट असल्यास बॅटरीच्या तारा उलट जोडून पाहण्याचा प्रयत्न काही वेळा होतो. परंतु सिरीज पद्धतीच्या मोटारीत आर्मेचर व फिल्ड या दोहोंतील प्रवाह एकाच वेळी उलटत असल्याने दिशा बदलत नाही. उलट अल्टरनेटरमधील डायोड मात्र जळतात.

दुसरा प्रकार विद्युत जोडणीचा होय. इंजिन उतरविताना सोडलेली अर्थिंगची पट्टी पुन्हा न लावणे, सेल्फ बसतो त्या पृष्ठभागावर रंग वा गंज राहणे, बारीक केबल वापरणे, तसेच 12 व 24 व्होल्टच्या भागांची सरमिसळ करणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. सेल्फ 200 अँपिअर प्रवाह घेत असेल आणि जोडणीत केवळ 0.01 ओहम रोध असेल, तर तेथेच 2 व्होल्ट खर्ची पडतात व 400 वॅट उष्णता निर्माण होते. म्हणूनच दिवा प्रखर लागतो, पण सेल्फ केवळ 'टक्' असा आवाज करतो.

निदानाचा क्रम :

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक लावावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून ठेवावा. पूर्ण भारित 12 व्होल्टची बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना हा दाब साधारणतः 9.6 व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी तपासावी. त्यानंतर सेल्फ मारत असतानाच बॅटरीचे ऋण टोक व सेल्फची बॉडी यांमधील दाब मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास अर्थिंग सदोष समजावे. धन बाजूच्या केबलचीही तशीच तपासणी करावी. सोलेनॉइडच्या लहान टोकाशी चावी फिरविल्यावर दाब पोहोचत नसेल, तर दोष स्विच, न्यूट्रल स्विच वा वायरिंगमध्ये असतो. हे सर्व ठीक असल्यावरच सेल्फ उतरवून कार्बन ब्रश व आर्मेचर पाहावे आणि दात मोजून नव्या-जुन्या भागांची तुलना करावी.

सुरक्षिततेचा प्रश्न :

निदानाऐवजी सेल्फच्या दोन टोकांवर पाना वा स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय अत्यंत घातक आहे. या कृतीत न्यूट्रल स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास तो तत्काळ पुढे सरकतो आणि जमिनीवर उभी असलेली व्यक्ती मागील चाकाखाली सापडते. जगभर अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

निष्कर्ष :

भाग बदलल्यानंतर सेल्फ न लागण्याचे कारण अनेकदा सेल्फमध्ये नसून जुळणी व जोडणी यांत असते. साधा मल्टिमीटर व तपासणीचा निश्चित क्रम यांच्या साहाय्याने अनावश्यक खर्च टळतो. महाविद्यालयांनी कार्यानुभव व विस्तारकार्याच्या माध्यमातून ही माहिती शेतकरी व ट्रॅक्टरचालकांपर्यंत पोहोचविल्यास ओहमचा नियम पाठ्यपुस्तकाबाहेर उपयोगी पडेल आणि काही जीवही वाचतील.